फोंड ज्याने उघडा ठेवला त्याचा

गेल्या वर्षी मे महिन्यात आमच्या घरामागे सेप्टिक टँकसाठी खड्डा खणला. जुना सोक पिट भरला होता, पावसात मागचं सगळं परस ओलं राहायचं, वास यायचा, म्हणून बाबांनी ठरवलं की पावसाआधी नवीन करून घ्यायचा. आठ फूट खोल. खाली चिऱ्याचा कडक थर लागला म्हणून ब्रेकर आणावा लागला, आणि दोन बाजू बांधून झाल्यावर गवंडी गावाला लग्नाला गेला तो पंधरा दिवस आलाच नाही. आम्ही वर दोन पत्रे टाकले, पत्र्यांवर चार चिरे ठेवले आणि विषय संपला. मी रोज सकाळी कपडे वाळत घालायला तिथूनच जायचे, रोज ते पत्रे बघायचे, रोज मनात यायचं की हे बरोबर नाही, आणि रोज कपडे घालून परत आत यायचे.

जूनच्या पहिल्या आठवड्यात रात्री वारा-पाऊस आला, लाईट गेली, आणि साडेनऊच्या सुमारास मागून असा आवाज आला की तो अजून माझ्या कानात आहे. वाड्यावर एक मावशी आहे, तिच्याकडे दोन गाई, वाड्यातल्या आठ-दहा घरांना दूध घालते, त्याच्यावरच तिचं चालतं. तिची पाडी, अडीच वर्षांची, पहिल्यांदाच गाभण, गोठ्याचं दावं तोडून पळालेली, ती आमच्या खड्ड्यात पडली होती. एक पत्रा वाऱ्याने सरकलेला, दुसरा तिच्याबरोबर आत.

बॅटरीच्या उजेडात आम्ही सगळे उभे. मावशी धावत आली, खाली बघितलं आणि मटकन बसली. आणि तेव्हा बाबा जे बोलले ते मी लिहिणार आहे, कारण त्यांना विचारूनच लिहितेय. ते म्हणाले, "पण ती आमच्या आवारात आलीच कशी?"

बाबा वाईट माणूस नाहीत. आयुष्यभर लोकांच्या उपयोगी पडलेत. पण अशा वेळी तोंडातून पहिलं वाक्य तेच येतं, माझ्याही मनात तेच आलं होतं, मी फक्त बोलले नाही एवढंच.

पाडीला वर काढायला सहा-सात माणसं लागली. दोरखंड, फळ्या, कोणीतरी पोटाखालून घालायला ताडपत्री आणली. त्यात एक माणूस गडग्यापलीकडचे काका. या काकांशी आमचं २०१४पासून बोलणं नाही. गडगा नेमका कुठून जातो यावरून. सर्वेचा प्लॅन एक सांगतो, जुनी माणसं दुसरं सांगतात, जमिनीच्या एक चौदाच्या उताऱ्यावर तिसरंच नाव, आणि मधे एक फणसाचं झाड. कोर्टात गेलो नाही, पण गणपतीलाही एकमेकांकडे जात नाही. त्या रात्री ते गडग्यावरून उडी मारून आले, दोर धरला, एक शब्द बोलले नाहीत, पाडी वर आल्यावर तिच्या पायाला हात लावून बघितला, मान हलवली आणि चिखलाने भरलेल्या लुंगीनिशी परत गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी रस्त्यात दिसले तर नेहमीसारखी मान फिरवली.

पाडीचा पुढचा पाय मोडला होता, आत पोटालाही मार असणार. डॉक्टर सकाळी आले. तिसऱ्या दिवशी ती गेली.

आमच्या समोरच्या घरात एक अंकल राहतात, तारवटी होते, तीस वर्षं बोटीवर काढली, आता रिटायर, संध्याकाळी बाल्कांवात बसलेले असतात. मी पोदेराकडून पाव घेऊन परत येत होते तर त्यांनी हाक मारली. मला वाटलं पाडीबद्दल चार समजुतीचे शब्द बोलतील. ते म्हणाले, "बाय, फोंड धांपूंक जाय." एवढंच. खड्डा झाकायला पाहिजे. मी म्हटलं, हो अंकल, चुकलंच. तर म्हणाले तसं नाही, हे बायबलात आहे, आणि आत जाऊन त्यांनी त्यांचं कोकणी बायबल आणलं, रोमी लिपीतलं, आणि बोट ठेवून मला वाचून दाखवलं.

मी थक्क झाले. मराठी शाळेत शिकलेल्या आम्हा सगळ्यांना ख्रिस्तपुराणातल्या त्या 'हरळांमाजि रत्नकिळा'च्या ओव्या पाठ आहेत, फादर स्टीफन्सनी बायबलची कथा आमच्या भाषेत ओवीबद्ध केली, १६१६ साली राशोलला ती छापली गेली, हे आम्ही अभिमानाने सांगतो, पण खुद्द बायबलात काय आहे हे मला कुठे माहीत होतं. माझ्या डोक्यात बायबल म्हणजे नाताळचा गोठा, क्रूस, आणि 'शेजाऱ्यावर प्रीती करा'. त्यात सेप्टिक टँकच्या खड्ड्याबद्दल काही असेल असं स्वप्नातही आलं नसतं.

मग मी मराठी बायबल मिळवलं आणि वाचत बसले. त्यातल्या 'निर्गम' या पुस्तकाचा २१वा अध्याय, वचनं ३३ आणि ३४. माझ्या शब्दांत सांगायचं तर असं, की कोणी खड्डा उघडला, किंवा खणला आणि झाकला नाही, आणि त्यात कोणाचा बैल नाहीतर गाढव पडलं, तर खड्डेवाल्याने भरपाई करायची, पैसे जनावराच्या मालकाला द्यायचे, आणि मेलेलं जनावर खड्डेवाल्याचं.

ही दोन वाक्यं मी किती वेळा वाचली असतील. त्यात कुठेही असं नाही की बैल दावं तोडून आला होता का. रात्र होती का. वारा होता का. मालक लक्ष देत होता का. विचारलंय फक्त एकच, झाकलं होतं का नाही. आणि 'उघडला किंवा खणला', म्हणजे खड्डा तुम्ही खणला नसेल, आधीच कोणीतरी खणलेला असेल आणि तुम्ही नुसतं झाकण काढून बाजूला ठेवलं असेल, तरी तो आता तुमचा.

आणि ते शेवटचं, मेलेलं त्याचं. आधी वाटलं हा त्याला दिलासा असेल, चामडं-बिमडं मिळत असेल त्या काळी, आणि असेलही तसंच. पण आमच्या बाबतीत त्याचा अर्थ वेगळा निघाला. पाडी मेली तेव्हा तिला पुरायचं कोणी, जेसीबी बोलवायचा कोणी, हे मावशीच्या डोक्यावर होतं. बाबा वाचून म्हणाले, मग ते आपलं काम. जेसीबी आम्ही बोलवला, आमच्याच भाटात खालच्या बाजूला पुरलं. भरपाईचे तीस हजार ठरले. मावशी घेत नव्हती, शेजारी-शेजारी कसले पैसे म्हणत होती, आणि मी बघत होते की बाबांनाही ते ऐकून बरं वाटतंय. 'शेजारी-शेजारी कसले पैसे' हे नुकसान ज्याचं झालं तो बोलतो तेव्हा त्याचा मोठेपणा असतो, पण ज्याच्यामुळे झालं त्याने ते मान्य करून घरी यायचं का? आम्ही दिले. एकदम नाही जमले, तीन महिन्यांत दिले.

नंतर मला या विषयाचा नादच लागला. ज्यूंच्या पंडितांनी इसवी सन २००च्या आसपास आपल्या तोंडी कायद्याचं संकलन केलं, मिश्ना म्हणतात त्याला, त्यातल्या एका भागाचं नाव बाबा कामा, म्हणजे पहिला दरवाजा. त्याची सुरुवातच नुकसानीच्या चार मूळ प्रकारांनी होते. बैल, खड्डा, तिसरा एक शब्द ज्याच्या अर्थावर त्यांच्यातच वाद आहे पण बरेच जण चरून नासधूस करणारं जनावर असा घेतात, आणि आग. खड्डा किती खोल असला की जीव जाऊ शकतो, तर दहा तळहातांच्या रुंदीएवढा, म्हणजे जेमतेम अडीच-तीन फूट. आमचा आठ फूट होता. आणि गंमत नाही, खरंच सांगते, बाबांचा तो प्रश्न, आमच्या आवारात आलीच कशी, तोसुद्धा त्यांनी चर्चेला घेतलाय. सार्वजनिक वाटेवरच्या खड्ड्याबद्दल प्रश्नच नाही, पण स्वतःच्या जागेतल्या खड्ड्याचं काय यावर मोठमोठ्या विद्वानांनी भांडून ठेवलंय. बाबांना हे सांगितल्यावर ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, आपल्या परसाला कुंपण आहे का? नाही ना, मागून सगळा वाडा ये-जा करतो. मग ती वाटच झाली.

मी बायबलच्या ज्या भागाबद्दल लिहितेय तो नियमांचा भाग आहे, 'निर्गम', 'लेवीय', 'अनुवाद' अशा नावांची पुस्तकं, तिथे लोक सहसा वाचायचं थांबतात असं अंकलच म्हणाले. बैल, गाढव, गहाण, वजनमापं. 'आपल्या शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर' हे जगप्रसिद्ध वाक्य कुठे आहे माहितीये? लेवीय, १९वा अध्याय, १८वं वचन. आणि त्याच्या आधी काय आहे? शेताच्या कडा शेवटपर्यंत कापू नकोस, गरीब आणि परक्यांसाठी ठेव. मजुराची मजुरी रात्रभर स्वतःकडे ठेवू नकोस. बहिऱ्याला शिव्या देऊ नकोस, आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नकोस. शेजाऱ्याचा जीव धोक्यात असताना नुसता उभा राहू नकोस. हे सगळं होऊन मग प्रीतीचं वाक्य येतं. मला वाटायचं आधी प्रेम वाटायला पाहिजे, मग माणूस शेजाऱ्यासाठी काहीतरी करतो. इथे उलटं दिसतं. आधी झाकण ठेव, मजुरी दे, दगड बाजूला कर. माझं मावशीवर प्रेम नव्हतं असं थोडंच आहे, मी तिच्याच दुधाचा चहा पिऊन वाढले, पण त्या प्रेमाने पत्रा सरकायचा थांबला नाही.

कठड्याचा नियम तर मला सगळ्यात आवडतो. अनुवाद २२:८. नवीन घर बांधशील तेव्हा छताला कठडा कर, नाहीतर कोणी पडला तर त्याच्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर. त्यांची छतं सपाट होती, लोक वर झोपायचे, धान्य वाळवायचे. आपली जुनी घरं कौलारू, वर कोण जातंय, पावसाआधी कौलं परतायला गेला तर गेला, त्यामुळे तो नियम जसाच्या तसा आपल्याला लागत नाही. पण त्यात वेळ बघा कधीची सांगितलीय. कोणी पडल्यावर नाही, नवीन घर बांधताना. आपल्याकडे जुन्या विहिरी आहेत, नळ आल्यापासून कोणी बघत नाही, कठड्याचे चिरे निघून गेलेले, वर वेली चढलेल्या, बिबटे आणि गवे पडल्याच्या बातम्या आपण वाचतोच. टाकीचं झाकण फुटलंय, त्यात डास होतायत, तो डास माझ्याच घरात राहतो असं नाही, शेजारच्या पोराला चावतो. कंपाऊंड वॉल उंच बांधली आणि व्हाळाचं तोंड बुजवलं, माझं परस कोरडं झालं, पाणी खालच्या घरात शिरलं. हे सगळे कठडेच आहेत. आमच्या गावात गेल्या दहा वर्षांत जेवढ्या भिंती उभ्या राहिल्या त्यातल्या किती जणांनी पाणी कुठून जाणार हे विचारलं? खाजन, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या जमिनीवाल्यांना हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं, बांध एका ठिकाणी फुटला, मानशीची, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराची, फळी एकाने सोडून दिली, तर खारं पाणी सगळ्यांच्या शेतात, म्हणून बांधाची राखण ही कोणा एकट्याची नसायची, गांवकरी, म्हणजे गावकऱ्यांची सामायिक संस्था, त्यासाठीच होती. ती जाण आम्ही खाजनाबरोबरच सोडली असं मला वाटतं.

आगीचं पण तसंच. निर्गम २२:६, आग लागून काट्याकुट्यांत पसरली आणि दुसऱ्याचं धान्य जळलं तर ज्याने पेटवली त्याने भरायचं. वाऱ्याने पसरवली हे कारण नाही. काजूच्या बागेत फेब्रुवारी-मार्चला सुकलेलं गवत जाळून साफ करायची आपली सवय आहे. २०२३च्या मार्चमध्ये गोव्याच्या डोंगरांवर ज्या आगी लागल्या, म्हादई अभयारण्यात, नौदलाची आणि हवाई दलाची हेलिकॉप्टर पाणी घेऊन आली, त्या कशामुळे लागल्या यात मी पडत नाही. पण त्यानंतर मी आमच्या बागेत काडी लावू दिली नाही, गवत कापून झाडांच्या बुंध्यात घालतो, मजुरी जास्त जाते, जाऊ दे.

मजुरीवरून आठवलं. आमचा तो गवंडी आणि त्याच्याबरोबरचे दोन मजूर परराज्यातले. त्यांचे शेवटच्या चार दिवसांचे पैसे बाबांनी अडवून ठेवले होते, खड्डा अर्धा टाकून गेला म्हणून. गवंड्याचं ठीक आहे, हिशोबाचा वाद आहे. पण मजुरांचं काय? अनुवाद २४:१५, सूर्य मावळायच्या आत दे, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव त्याच्यावर टेकलाय. आणि तो 'तुझ्या भावांपैकी असो की तुझ्या देशात राहणारा परका', असं आधीच्याच वचनात स्पष्ट आहे. आपल्याकडे भायलो (बाहेरचा), घाटी हे शब्द किती सहज तोंडात येतात, माझ्याही. लेवीयात परक्यावरही स्वतःसारखीच प्रीती कर म्हटलंय आणि कारण दिलंय की तुम्हीही मिसर देशात परके होता. अंकल यावर जे बोलले ते मला लागलं. ते म्हणाले, मी तीस वर्षं बोटीवर परकाच होतो, माझी बहीण इंग्लंडात स्विंडनला परकीच आहे, आमच्या प्रत्येक घरातला एकतरी माणूस कुठेतरी भायलो आहे. मजुरांचे पैसे मी गुगल पेने पाठवले, बाबांना नंतर सांगितलं.

आता शत्रूच्या गाढवाकडे येते, कारण मला मुळात त्याबद्दलच लिहायचं होतं. निर्गम २३:४-५. तुझ्या वैऱ्याचा बैल किंवा गाढव भरकटलेलं दिसलं तर ते त्याला परत नेऊन दे. तुझा द्वेष करणाऱ्याचं गाढव ओझ्याखाली बसलेलं दिसलं तर त्याला सोडून जाऊ नको, त्याच्याबरोबर मिळून सोडव. यात आधी समेट करा असं नाही, वैर विसरा असंही नाही. वैर आहे हे धरूनच चाललेत. नुसतं एवढंच की गाढवाचा त्याच्याशी काही संबंध नाही. पंडितांनी यात आणखी एक बारकाई काढली, 'त्याच्याबरोबर' लिहिलंय, म्हणून मालक धडधाकट असून बाजूला बसून राहिला आणि म्हणाला पुण्य तुला पाहिजे ना, मग तूच काढ, तर तुझ्यावर बंधन नाही. आणि तालमूदात, म्हणजे मिश्नावरच्या चर्चांच्या ग्रंथात, असंही आहे की मित्राच्या जनावराचं ओझं उतरवायचंय आणि वैऱ्याच्या जनावरावर चढवायचंय अशी दोन कामं एकाच वेळी समोर आली तर आधी वैऱ्याकडे जा, कारण स्वतःच्या मनाला वळण लावायचंय. मी हे वाचलं तेव्हा मला गडग्यावरून उडी मारणारे काका दिसले. त्यांनी हे वाचलेलं नाही. त्यांनी अख्खं कलम एका शब्दाशिवाय पाळलं आणि घरी जाऊन आंघोळ केली.

आणि अनुवादात तोच नियम परत येतो, भावाचा बैल भरकटलेला दिसला तर, आणि तिथे असं आहे की मालक लांब राहत असेल किंवा कोण ते माहीत नसेल तर ते जनावर स्वतःच्या घरी नेऊन बांध, तो शोधत येईपर्यंत ठेव. तसंच गाढवाचं, तसंच वस्त्राचं, तसंच हरवलेल्या कुठल्याही वस्तूचं. शेवटी एक शब्द आहे ज्याचा सरळ अर्थ होतो, तुला लपता येणार नाही. आपल्याकडे त्याला नेमका शब्द आहे, अंग चोरणे. तुला अंग चोरता येणार नाही. व्हॉट्सॲपवर रस्त्यात मोकाट गुराचा फोटो टाकून 'पंचायत झोपलीय का' असं लिहिणं हे अंग चोरणंच आहे, हे मी स्वतः तीनदा केलंय. पावसात हायवेवर गुरं बसतात, रात्री काळी म्हैस काळ्या रस्त्यावर दिसत नाही, दुचाकीवाला जातो. फोटो काढायला थांबलो तर तिला हाकलून कडेला करायलाही थांबता येतं.

अपघाताचं पण बोलते. शेजारी कोण हा प्रश्न येशूला एका कायदेपंडितानेच विचारला होता, लूकच्या १०व्या अध्यायात, आणि उत्तरात चांगल्या शोमरोन्याची गोष्ट आली. यरुशलेमहून यरीहोला जाणारा माणूस लुटला गेला, याजक बघून पलीकडून गेला, मंदिरातला सेवक लेवी गेला, आणि ज्यांच्याशी यहुद्यांचं पटत नव्हतं त्या शोमरोनातला माणूस थांबला, तेल आणि द्राक्षारस ओतून जखमा बांधल्या, आपल्या जनावरावर घालून धर्मशाळेत नेलं, दोन दीनार दिले, म्हणजे दोन दिवसांची मजुरी, आणि जास्त लागले तर परत येताना देईन म्हणाला. आपल्या देशात याच गोष्टीच्या नावाने कायदा आहे, गुड समॅरिटन. लोक थांबत नव्हते कारण पोलीस, कोर्ट, साक्ष. २०१६मध्ये सुप्रीम कोर्टाने मदत करणाऱ्याला संरक्षण देणारी मार्गदर्शक तत्त्वं बंधनकारक केली आणि २०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४अ कलम आलं, चांगल्या हेतूने मदत करणाऱ्यावर दावा नाही, नाव सांगायची सक्ती नाही. हे प्रत्येकाला माहीत पाहिजे म्हणून लिहिलं. थांबा, १०८ला फोन करा, रुग्णवाहिका येईपर्यंत सोबत राहा.

ब्रिटनमध्येही १९३२ साली एक प्रसिद्ध निकाल लागला, बाटलीतल्या जिंजर बियरमध्ये मेलेली गोगलगाय निघाल्याचा दावा होता, बाटली विकत घेतली होती मैत्रिणीने त्यामुळे पिणाऱ्या बाईचा कोणाशी करारच नव्हता. तेव्हा न्यायाधीश लॉर्ड ॲटकिन यांनी तोच प्रश्न घेतला, कायद्याने माझा शेजारी कोण, आणि म्हटलं की शेजाऱ्यावर प्रीती कर हा नियम कायद्यात येताना शेजाऱ्याला इजा करू नकोस असा होतो. निष्काळजीपणाचा आजचा कायदा बराचसा त्याच्यावर उभा आहे. मोठी गोष्ट आहे. पण मला प्रामाणिकपणे वाटतं की त्यात काहीतरी गळलं. इजा करू नकोस एवढ्यावर थांबलं तर काकांना त्या रात्री उडी मारायचं काहीच कारण नव्हतं. खड्डा त्यांचा नव्हता, पाडी त्यांची नव्हती.

आणि खरं तर हे सगळं मी आज लिहायला बसले ते आमच्या टाकीसाठी नाही, तिच्यावर आता काँक्रीटचा स्लॅब आहे. डोंगराच्या मागे सोडून दिलेली चिरेखाण आहे. सरळ कापलेल्या भिंती, वीस-पंचवीस फूट, जूनपासून पाणी भरतं आणि वरून बघितलं तर हिरवंगार तळं वाटतं, कडेला धरायला काही नाही. अशा खाणींत पोरं बुडाल्याच्या बातम्या आपल्याकडे पावसाळ्यात येतात. आमच्या वाड्यावरची पोरं क्रिकेट खेळायला तिकडेच जातात. ती बार्देश आणि डिचोलीच्या बरोबर शिवेवर आहे, आमची पंचायत म्हणते ती पलीकडच्या पंचायतीत, ते म्हणतात तुमच्यात, ज्याने चिरे काढले तो कोण हे सगळ्यांना माहीत आहे आणि कोणी बोलत नाही.

अनुवादाच्या २१व्या अध्यायात एक विचित्र विधी आहे. शेतात कोणाचं प्रेत सापडलं आणि मारेकरी कोण ते कळलं नाही तर वडीलधाऱ्यांनी येऊन अंतर मोजायचं, प्रेतापासून आजूबाजूच्या गावांपर्यंत, आणि जे गाव सगळ्यात जवळ त्याच्या वडीलधाऱ्यांनी हात धुऊन सांगायचं की हे रक्त आमच्या हातांनी सांडलं नाही. मिश्नामध्ये विचारलंय, गावच्या वडीलधाऱ्यांवर कोण खुनाचा संशय घेणार आहे? तर त्याचा अर्थ असा, की तो आमच्याकडे आला आणि आम्ही त्याला उपाशी, सोबतीशिवाय जाऊ दिलं असं झालेलं नाही. म्हणजे मोजमाप हे जबाबदारी झटकायला नाही, घ्यायला आहे. मारणारा कोण ते माहीत नसलं तरी जवळचा कोण ते मोजता येतं.

म्हणून गेल्या रविवारी मी, अंकल आणि मावशीचा मुलगा पन्नास मीटरची टेप घेऊन गेलो. खाणीच्या कडेपासून आमच्या वाड्याचं शेवटचं घर ३४० मीटर. पलीकडच्या गावाचं पहिलं घर त्याच्या दुपटीपेक्षा लांब. हद्द कोणाची का असेना, जवळचे आम्ही. मावशीच्या मुलाने काठ्या रोवून दोर बांधला, मी बोर्ड लिहिला, पण दोर म्हणजे पत्रेच झाले परत, हे मला कळतंय. पुढच्या ग्रामसभेत अर्ज द्यायचाय, कुंपण घाला, बुजवा, आणि खाण खात्याला कळवा. अर्ज टाइप झालाय. सतरा सह्या झाल्यात, बाबांची पहिली.

अठरावी गडग्यापलीकडची. कागद घेऊन मी संध्याकाळी जाणार आहे, दहा-अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या दारात. फणसाबद्दल काही बोलायचं नाही असं बाबांनी सांगितलंय. गडग्यावरून नाही, रस्त्याने जाईन.